दहा मिनिटे आणि एक बाटली पाणी

"नमाज पढणारी माणसे सोबत घेतली तर गाडी दिवसातून पाच वेळा थांबवावी लागेल. मग लेणी बघायची कधी?"

हा प्रश्न आमच्याच चाळीतल्या एका तरुणाने विचारला. विहारातल्या सतरंजीवर बसून आम्ही सहलीच्या वर्गणीचा हिशोब करीत होतो. २०२४ साली सव्वीस जानेवारी शुक्रवारी आली होती. तिला जोडून शनिवार-रविवार मिळत होते. म्हणून नाशिकची त्रिरश्मी लेणी, येवल्याची मुक्तिभूमी, अजिंठा, दौलताबादचा किल्ला आणि वेरूळ असा बेत ठरला होता. नऊ बिऱ्हाडांची मिळून एकोणचाळीस माणसे झाली. बसमध्ये दोन जागा उरत होत्या आणि त्या शेजारच्या चाळीतल्या चाचा-चाचींनी मागितल्या होत्या.

चाचा मूळचे रत्नागिरीकडचे. मुंबईच्या गोदीत आमच्या चाळीतल्या दोघा-तिघांबरोबर ते एकाच पाळीत राबले. आता सत्तरीला आलेत. आमच्या घरच्या लग्नात पंगत वाढायला आणि मयतीला खांदा द्यायला ते न बोलावता येतात. चाचींना फार दिवसांपासून अजिंठा बघायचा होता. पण ३१ जुलै २०२३ रोजी जयपूर-मुंबई गाडीत पालघरजवळ गोळीबार झाला, त्यात रेल्वे सुरक्षा दलाचा एक अधिकारी आणि तीन मुस्लिम प्रवासी मारले गेले. तेव्हापासून लांबच्या प्रवासाला त्यांचे मन घेत नव्हते. "ओळखीच्या माणसांत बसायला मिळालं तरच जाईन," असे त्या म्हणाल्या होत्या.

आमच्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्या आजी कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "जागा आहेत ना? मग त्यांची वर्गणी लिहून घ्या." वर्गणी लिहिली गेली. पण पाच वेळा गाडी थांबण्याची कुरकुर आमच्या मनातून गेली नाही, हे आम्ही कबूल करतो.

गुरुवारी २५ तारखेला पौष पौर्णिमा होती. संध्याकाळी विहारात वंदना झाली आणि रात्री दोन वाजता बस निघाली. कसारा घाटात धुके होते. नाशिक जवळ आल्यावर पहाटे सहाच्या सुमारास चहाच्या टपरीशी गाडी लागली. आम्ही चहाला उतरलो तेव्हा चाचा हातात पाण्याची बाटली घेऊन बसच्या मागे गेले. आमची पोरे त्यांच्यामागे गेली आणि पोरांना आवरायला म्हणून आम्हीही गेलो.

इतकी वर्षे शेजारी राहूनही नमाज आम्ही जवळून पाहिली नव्हती. चाचांनी आधी मनगटापर्यंत हात धुतले. चूळ भरली, नाकात पाणी घेतले, तोंड धुतले, कोपरापर्यंत हात धुतले, ओला हात डोक्यावरून फिरवला आणि शेवटी पाय धुतले. याला ते वजू म्हणतात. एवढे सगळे लिटरच्या एका बाटलीत झाले आणि तळाशी थोडे पाणी उरलेही. एका मुलाने विचारले, "चाचा, एवढ्याशा पाण्यात कसं भागतं?" ते म्हणाले, "वाहत्या नदीवर बसलात तरी पाणी उधळू नका, अशी आम्हाला शिकवण आहे, बाळा."

मग त्यांनी दिशा विचारली. आपल्याकडून मक्का पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकून पडते. अजून उजाडायचे होते. आमच्यातल्या आठवीतल्या मुलाने मोबाईलवरचे होकायंत्र काढून दिशा दाखवली. त्या दिवसापासून तीन दिवस ते काम त्याचेच झाले. त्याच्याकडून आम्हालाही एक गोष्ट समजली. जानेवारीत सूर्य पश्चिमेच्या बराच दक्षिणेला मावळतो. त्यामुळे संध्याकाळी मावळतीकडे तोंड केले तर चाचांना थोडे उजवीकडे वळावे लागे.

टपरीच्या मागे चादर अंथरून चाचा उभे राहिले. वाकले, पुन्हा सरळ झाले आणि कपाळ जमिनीला टेकले. चाचींचे गुडघे दुखतात. त्या बसमध्येच आसनावर बसून नमाज पढल्या. आमच्यातल्या दोघींनी खिडकीला शाल धरली. पहाटेची फजरची नमाज दोन रकातींची असते. उभे राहणे, वाकणे आणि दोनदा कपाळ टेकणे असा एक फेरा म्हणजे एक रकात. घड्याळात पाहिले तर वजूसकट दहा मिनिटेही झाली नव्हती. आमचा चहा अजून उकळत होता.

समोरच्या रस्त्याने पांढऱ्या कपड्यांतली शाळेची मुले हातात कागदी झेंडे घेऊन झेंडावंदनाला निघाली होती. आमच्यातले एक निवृत्त शिक्षक म्हणाले, "घटनेचं पंचविसावं कलम आत्ता या टपरीमागे चालू होतं." आम्ही हसलो. पण चाचा चादर झटकून बाहेर येताना आधी रस्त्याच्या दोन्ही बाजू बघत होते, हेही आम्ही पाहिले. गुरुग्रामसारख्या शहरात २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये उघड्यावरच्या शुक्रवारच्या नमाजीवरून विरोध झाला, तेव्हापासून ते आडोसा बघूनच उभे राहतात. कलम पुस्तकात असते, पण माणसाला आडोसा शोधावा लागतो. आपल्या लोकांना हे वेगळे सांगायला नको.

त्रिरश्मी लेण्यांच्या पायऱ्या उतरताना त्या तरुणानेच विषय काढला. "चाचा, आता पुढचे चार थांबे कुठे कुठे घ्यायचे?"

चाचा म्हणाले, "चार कशाला? दोन पुरे आहेत."

मग त्यांनी आम्हाला प्रवासातल्या नमाजीचा हिशोब समजावून सांगितला. घरी असताना दिवसाच्या पाच नमाजी असतात. फजर पहाटेची, जोहर दुपारची, असर उतरत्या उन्हाची, मगरिब सूर्य मावळल्याची आणि ईशा रात्रीची. त्यांच्या सक्तीच्या रकाती अनुक्रमे दोन, चार, चार, तीन आणि चार. पण माणूस सुमारे ऐंशी किलोमीटर किंवा त्याहून लांबच्या प्रवासाला निघाला की त्याला सवलत मिळते. चार रकातींच्या जागी दोनच पढायच्या. याला कसर म्हणतात. फजरच्या दोन आणि मगरिबच्या तीन मात्र तेवढ्याच राहतात. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई पंथाचे. त्यांच्यात प्रवासात जोहर आणि असर एका वेळी, तसेच मगरिब आणि ईशा एका वेळी पढायची मुभा आहे. म्हणजे पहाटेचा चहा, दुपारचे जेवण आणि दिवेलागणीचा चहा. या तिन्ही वेळी आमची बस तशीही थांबणारच होती.

आमचे ड्रायव्हरभाऊ मराठवाड्यातले, तेही मुसलमान. पण त्यांचा हिशोब निराळा निघाला. ते हनफी पंथाचे. त्यांच्यातही प्रवासात रकाती कमी होतात, पण दोन नमाजी एका वेळेला ओढून घेत नाहीत. असरची वेळही त्यांच्यात उशिरा लागते. दुपारची मूळ सावली सोडून वस्तूची सावली तिच्या उंचीच्या दुप्पट होईपर्यंत ते थांबतात. शाफई लोकांना तीच सावली उंचीइतकी झाली की पुरते. त्यामुळे दुपारी जोहर दोघे शेजारी शेजारी पढले. नंतर असर चाचांनी तिथेच उरकली आणि ड्रायव्हरभाऊंनी पावणेपाचला चहाच्या वेळी पढली. आम्ही विचारले, "यावरून तुमचे भांडण होत नाही का?" ड्रायव्हरभाऊ म्हणाले, "वो उनके हिसाब से सही, मैं अपने हिसाब से. गाडी तो एकच है ना!"

आता आमच्या चुकीबद्दल सांगतो.

दुपारी आम्ही येवल्याला मुक्तिभूमीवर होतो. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ते हे गाव. दर्शन झाले, जेवणे झाली. बसमध्ये पिण्याच्या पाण्याचे चार मोठे कॅन होते. उन्हात चढ-उतार झाल्यामुळे दोन कधीच संपले होते. चाचा तिसऱ्या कॅनमधून वजूसाठी बाटली भरून घेत होते. तेव्हा आमचा तो तरुण बोलून गेला, "प्यायचं पाणी आहे ते. पाय धुवायला वापरलं तर पोरं काय पिणार?"

चाचांनी ऐकले. त्यांनी अर्धीच भरलेली बाटली घेतली, कॅनची तोटी नीट बंद केली आणि काही न बोलता गेले. त्या अर्ध्या बाटलीत त्यांनी वजू उरकला. आम्ही सगळ्यांनी ते पाहिले. तरुणाला कोणीही काही बोलले नाही. खरे सांगायचे तर आमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मनातले तो बोलला होता.

वैजापूर सोडल्यावर सूर्य मावळायच्या बेताला बसचे चाक पंक्चर झाले. आजूबाजूला शेते, जवळ वस्ती नाही. चाक बदलायला तासभर गेला. लहान मुले पाणी पाणी करू लागली आणि शेवटचा कॅन तळाला गेला. मगरिबची वेळ झाली. ड्रायव्हरभाऊंचा असरचा वजू टिकून होता, ते हात पुसून तसेच उभे राहिले. चाचा मात्र चहाच्या थांब्यावर लघवीला जाऊन आले होते. त्यांना वजू नव्याने करायचा होता.

ते कॅनकडे आले नाहीत. शेताच्या बांधाशी गेले. कोरड्या मातीवर त्यांनी दोन्ही तळवे टेकवले, झटकले आणि चेहऱ्यावरून फिरवले. पुन्हा टेकवले आणि हातांवरून फिरवले. मग नमाज पढले. मगरिब झाल्यावर ईशाच्या आधी त्यांनी पुन्हा तसेच केले.

आम्ही चाचींना विचारले. त्या म्हणाल्या, "याला तयम्मुम म्हणतात. पाणी नसलं की स्वच्छ माती चालते. शाफईंमध्ये सक्तीच्या प्रत्येक नमाजीला ते नव्यानं करावं लागतं."

"पण कॅनमध्ये थोडं पाणी होतं की," आमच्यातली एक म्हणाली.

चाची थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सोबतच्या माणसांना प्यायला पाणी लागत असेल, तर ते असूनही नसल्यासारखंच धरतात. आधी तहान, मग वजू. असा नियमच आहे."

तो तरुण तिथेच उभा होता. त्याने मान खाली घातली. आम्हीही घातली.

त्या रात्री लॉजवर जेवणानंतर आमच्यात बोलणे झाले. छत्रपती संभाजीनगरातला तो साधा लॉज, एका खोलीत आठ-आठ माणसे. शिक्षक म्हणाले, "महाडच्या तळ्याचं पाणी प्यायला बाबासाहेब १९२७ साली गेले. त्यांची लेकरं म्हणवणारे आपण. एका म्हाताऱ्या माणसाला आपल्या गाडीत मातीला हात लावायला लागला." कोणी म्हणाले की चाचांचा नियमच तसा आहे, त्यात आपला दोष काय? संध्याकाळी पाणी खरोखरच नव्हते, हे खरे. पण दुपारी येवल्यात पाणी होते. चाचांनी बाटली अर्धी घेतली ती आमच्या बोलण्यामुळे.

दुसरा प्रश्नही निघाला. एका मुलीने विचारले, "हे सगळं कर्मकांडच नाही का? आपण देव मानत नाही. मग याचं कौतुक कशाला?" प्रश्न रास्त होता आणि आम्ही तो दडपला नाही. आम्ही ईश्वर मानत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांत आम्ही वाढलो. नमाज कोणाला उद्देशून आहे, तिथे आमचा आणि चाचांचा रस्ता वेगळा आहे आणि तो वेगळाच राहील. पण आम्ही जे पाहिले तेही खरे होते. मध्ये कोणी पुरोहित नाही, दक्षिणा नाही, मुहूर्त काढणारा नाही. माणूस स्वतः हातपाय धुतो, मातीला कपाळ लावतो आणि पुन्हा कामाला लागतो. आजींनी उलट आम्हालाच विचारले, "तो पाच वेळा आठवण ठेवतो. तुम्ही सकाळी एकदा तरी पंचशील म्हणता का?" खोलीत कोणीच बोलले नाही.

झोपायच्या आधी तो तरुण चाचांच्या खोलीत गेला. म्हणाला, "चाचा, चुकलं. उद्यापासून तुमचं पाणी मी भरणार." चाचा म्हणाले, "अरे, पोरांच्या काळजीनं बोललास. मनात ठेवू नकोस."

शनिवारी अजिंठा. सव्विसाव्या लेण्यात महापरिनिर्वाणाच्या मूर्तीपुढे आम्ही त्रिसरण-पंचशील म्हटले. चाचा-चाची बाजूला शांत उभे राहिले. वंदना त्यांनी म्हटली नाही आणि त्यांनी म्हणावी अशी आमचीही अपेक्षा नव्हती. चाची त्या मूर्तीकडे बराच वेळ पाहत राहिल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "झोपल्यासारखाच वाटतो. मग पायाशी बसलेल्यांचे चेहरे पाहिले की कळतं." त्या रात्री चाचा लॉजजवळच्या मशिदीत ईशाला गेले आणि नेहमीपेक्षा उशिरा आले. आम्ही विचारले, "आज वेळ लागला?" ते म्हणाले, "गावच्या इमामामागे उभं राहिलं की प्रवाशालाही सवलत घेता येत नाही. पूर्ण चार रकाती पढाव्या लागतात. जमातीबरोबर चालायचं तर जमातीच्या चालीनं." सहलीलाही हे लागू आहे, असे आम्हाला वाटून गेले.

रविवारी सकाळी आम्ही दौलताबादच्या किल्ल्यावर पोहोचलो. शिक्षकांनी दरवाजाबाहेर सगळ्यांना सावलीत बसवले. बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींमध्ये या जागेची हकिकत आहे. ती त्यांनी सांगायला घेतली. १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी बघायला निघाले होते. तीही आमच्यासारखीच सहल. हा मुलूख तेव्हा निजामाचा होता. वाटेत ते दौलताबादला थांबले. महिना रमजानचा होता. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर पाण्याने भरलेले टाके होते. प्रवासाची धूळ अंगावर होती, म्हणून काही जणांनी त्या पाण्याने हातपाय आणि तोंड धुतले. तेवढ्यात पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा मुसलमान धावत आला आणि यांनी टाके बाटवले म्हणून ओरडू लागला. जमाव जमला, शिवीगाळ झाली. अखेर बाबासाहेबांनी रागाने त्यांना विचारले, की तुमचा धर्म हेच शिकवतो का? यातला कोणी मुसलमान झाला तर त्याला तुम्ही अडवाल का? त्यावर जमावाला उत्तर देता आले नाही. शेवटी किल्ल्यात जायला परवानगी मिळाली, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि पाळतीला हत्यारबंद शिपाई देऊन.

शिक्षकांनी सांगणे संपवले तेव्हा आम्हाला चाचांकडे बघवेना. ही गोष्ट त्यांच्यासमोर सांगायला नको होती, असे काहींना वाटले. पण बाबासाहेबांनी लिहिलेली गोष्ट पाहुण्यासाठी गिळून टाकायची, हेही बरोबर नव्हते.

चाचाच बोलले. आजींकडे वळून म्हणाले, "आई, हे खोटं नाही. माझ्या लहानपणी आमच्या गावातल्या विहिरीवर तुमच्या लोकांना दोर टाकू देत नव्हते. लांब उभं राहायचं, कोणी ओतलं तर प्यायचं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सकाळी आम्हाला शिकवायचे की माणसाच्या हातानं पाणी नापाक होत नाही. आणि दुपारी आम्ही त्याच विहिरीवर गप्प उभे असायचो."

आजी लगेच बोलल्या नाहीत. त्यांचे स्वतःचे बालपण खेड्यात गेलेले. पाणी कसे मागावे लागते हे आमच्यात त्यांनाच माहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तेव्हा तू पोर होतास. आज बोललास, ते बरं केलंस."

त्या म्हाताऱ्याची आणि आमची बरोबरी होत नाही. त्याने माणसाच्या स्पर्शाला विटाळ म्हटले. आम्ही कोणाला विटाळ म्हटले नाही. पण येवल्यात आम्ही चाचांना पाणी मोजून दाखवले. ज्याच्या हातात तोटी असते त्याला मोजायची सवय लागते. आज कॅन आमच्या हातात होता.

किल्ला बघून खाली उतरलो तेव्हा दीड वाजला होता. जोहरची वेळ. तरुणाने बाटली भरून आणली. आजींनी ती त्याच्या हातून घेतली आणि झाडाखाली बसलेल्या चाचांना म्हणाल्या, "हात कर पुढं." चाचा संकोचले. आजी वयाने मोठ्या. पण त्यांनी ओंजळ पुढे केली. आजी ओतत गेल्या आणि चाचा हात, तोंड, कोपर, पाय धुवत गेले. १९३४ साली ज्या दरवाजाबाहेर आपल्या माणसांनी पाण्याला हात लावला म्हणून गोंधळ झाला, त्याच दरवाजाबाहेर आपल्यातली एक बाई मुसलमानाच्या वजूला पाणी घालत होती. चाचा नमाज पढले. आम्ही बाजूला डबे उघडले. ते येईपर्यंत कोणी घास घेतला नाही.

त्यानंतर वेरूळ पाहून सोमवारी पहाटे आम्ही मुंबईला परत आलो. शिक्षकांनी गंमत म्हणून वहीत थांबे टिपले होते. तीन दिवसांत नमाजीमुळे आमचा एकही कार्यक्रम हुकला नाही. सगळ्यांत जास्त वेळ गेला तो फोटो काढण्यात, त्याखालोखाल पानटपरीवर.

वाचक बंधुभगिनींनो, तुमच्या सहलीत, वरातीत किंवा मोर्चाच्या गाडीत नमाज पढणारे कोणी असेल, तर निघण्यापूर्वीच त्यांची वेळ विचारून घ्या आणि चहा-जेवणाचे थांबे तिच्याशी जुळवा. नमाज चालू असताना समोरून जाऊ नका, मुलांनाही जाऊ देऊ नका. फोटो काढू नका. कोणी बघून कुरकुर करीत असेल तर जवळ उभे राहा. आपण उभे आहोत एवढे दिसले तरी पुष्कळ होते.

पुढच्या सहलीच्या खर्चाचा कागद आता आम्ही केला आहे. बसभाडे, लॉज, जेवण यांच्या खाली त्या तरुणाने स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे : पाण्याचे कॅन, सहा.